टेम्पो घेण्याआधी फेऱ्या मोजा: मालवाहू गाडीचा पूर्ण हिशेब



मागच्या व्हिडिओत मालवाहू गाडीचा हिशेब फळ्यावर मांडला होता. बऱ्याच जणांनी सांगितलं, "सर, आकडे पटपट पुढे गेले, लिहून द्या." म्हणून हा लेख. वही, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. नुसतं वाचू नका, शेजारी स्वतःच्या धंद्याचे आकडे मांडत चला.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता, माहीत आहे? "सर, ऑर्डर वाढल्यात. भाड्याच्या टेम्पोला फार पैसे जातात. स्वतःचा छोटा हाथी घेऊ का?"

मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. मी उलट विचारतो, "मागच्या महिन्यात किती फेऱ्या झाल्या?" दहापैकी आठ जणांना उत्तर देता येत नाही. आजचा धडा तिथूनच सुरू होतो.

आधी माझी चूक

प्रशिक्षणात येण्याआधी माझा बेकरी माल पुरवायचा धंदा होता. खारी, टोस्ट, नानकटाई. एका दिवाळीत ऑर्डर इतक्या आल्या की भाड्याचा टेम्पो मिळेना, मिळाला तर दुप्पट भाडं. रागाच्या भरात मी ठरवलं, आता स्वतःची गाडी. जुना टेम्पो घेतला, हप्त्यावर. डाउन पेमेंटसाठी सौ.च्या पाटल्या गहाण ठेवल्या.

जानेवारी आला आणि ऑर्डर नेहमीच्या पातळीवर आल्या. सोमवार ते बुधवार टेम्पो दारात उभा. ड्रायव्हरचा पगार चालू, हप्ता चालू, विमा चालू. त्यात आणखी एक गंमत. गाडी घेताना मी "किती टन उचलते" एवढंच विचारलं होतं. खारी-टोस्ट हलके असतात, पण जागा खातात. हौदा गच्च भरला तरी गाडीच्या ताकदीच्या निम्मंसुद्धा वजन होत नव्हतं. मला उंच, बंद बॉडीची हलकी गाडी हवी होती. मी घेतली होती वजन उचलणारी, उघड्या हौद्याची. पावसाळ्यात ताडपत्रीखाली दोनदा माल भिजला, ते वेगळंच.

चौदा महिन्यांनी तोट्यात टेम्पो विकला. पाटल्या सोडवायला पुढची दोन वर्षं गेली.

टेम्पो वाईट नव्हता. मी मोजणी न करता घेतला, हे वाईट होतं.

गाडीआधी माल

थोडा इतिहास बघू, कारण त्यात धंद्याचा धडा आहे.

स्वतःच्या शक्तीवर चालणारी गाडी म्हटलं की आपल्याला मोटारकार आठवते. पण अशा पहिल्या गाड्यांपैकी एक बनली ती ओझ्यासाठी. फ्रेंच लष्करातल्या निकोला-जोसेफ क्यूनो या अभियंत्याने १७६९ मध्ये वाफेवर चालणारी तीन चाकांची गाडी तयार केली, ती जड तोफा वाहून नेण्यासाठी. ती माणसाच्या चालीने चालायची आणि थोड्याच वेळात तिची वाफ संपायची. पण घोडा न जुंपता ओझं हललं! पुढे १८९६ मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांनी इंजिनवर चालणारा पहिला ट्रक बनवला. इंजिन फक्त चार अश्वशक्तीचं, पण दीड टन माल न्यायचा.

आता आपल्या दारात येऊ. आपण ज्याला सर्रास "टेम्पो" म्हणतो, तो शब्द मुळात एका जर्मन ब्रँडचा. हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोहन या कंपनीच्या गाड्या "टेम्पो" नावाने विकल्या जायच्या. न. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली आणि त्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने हॅन्सिएट ही तीनचाकी भारतात आणली. कंपनीचं नाव आज फोर्स मोटर्स आहे, पण मराठी माणसाच्या तोंडात कोणतीही छोटी मालगाडी टेम्पोच राहिली.

मग मे २००५ मध्ये टाटा एस आली, आपला "छोटा हाथी". दोन सिलिंडरचं साधारण ७०० सीसीचं डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल. तेव्हा छोट्या व्यापाऱ्याकडे दोनच पर्याय होते, एक तर तीनचाकी, नाहीतर बराच मोठा ट्रक. मधली जागा रिकामी होती. गल्लीत वळेल, बाजारात उभी राहील, पाऊण टन उचलेल आणि तीनचाकीवाल्याच्या आवाक्यात असेल, अशी चारचाकी त्या जागेत बसली.

या सगळ्यातून काय घ्यायचं? जी मालवाहू गाडी यशस्वी झाली, तिच्यामागे आधी प्रश्न होता: माल कोणता, किती आणि कुठपर्यंत? गाडी नंतर आली. आपण नेमकं उलटं करतो. आधी शोरूमला जातो, गाडी पसंत करतो, मग तिला माल शोधत बसतो.

पहिली मोजणी: वजन की जागा?

गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीची वाहून नेण्याची क्षमता. लक्षात ठेवा, ड्रायव्हर आणि हमाल हेही वजनच आहेत. त्यांना याच फरकातून वजा करा.

उदाहरण घ्या. समजा फरक ७५० किलो आहे. ड्रायव्हर आणि मदतनीस मिळून १३० किलो. उरले ६२० किलो. तुमचा पाण्याच्या जारचा धंदा आहे. वीस लिटरचा भरलेला जार साधारण २१ किलोचा. ६२० भागिले २१, म्हणजे २९ जार. हौद्यात पन्नास जार सहज मावतील, म्हणून लोक पन्नास भरतात. पन्नास जार म्हणजे १,०५० किलो! मग पाटे बसतात, टायर फुटतात, क्लच जातो आणि दोष "कंपनीच्या मालाला" मिळतो.

उलट बाजू पापड, फरसाण, गाद्या, थर्माकोलचं साहित्य यांची. इथे वजन भरत नाही, जागा भरते. अशांनी टन विचारण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी, उंची विचारायची. आपला एक बॉक्स मोजायचा आणि किती बॉक्स बसतात ते कागदावर काढायचं. माझी चूक हीच होती.

ओव्हरलोडबद्दल स्पष्टच बोलतो. मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमच्या माथी. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. गाडी थांबते तेव्हा तिची सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. वजन दुप्पट झालं की ती उष्णता दुप्पट, आणि वेग दुप्पट झाला की चौपट. म्हणून घाट उतरताना भरलेली गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायची, नुसता ब्रेक दाबून नाही. गाडी तुमची आणि ड्रायव्हर दुसऱ्याच्या घरचा कमावता माणूस, हे विसरू नका.

दुसरी मोजणी: उभ्या गाडीचा खर्च

गाडीचे खर्च दोन जातीचे. एक, गाडी हलली नाही तरी होणारा. दुसरा, गाडी हलली की होणारा. बहुतेक जण फक्त डिझेल मोजतात आणि तिथेच फसतात.

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावातले आकडे विचारून बदला, पद्धत हीच ठेवा.

समजा गाडीची ऑन-रोड किंमत ६,५०,०००. डाउन पेमेंट १,५०,०००. कर्ज ५,००,०००, व्याज ११ टक्के, पाच वर्षं. महिन्याचा उभा खर्च असा:

- हप्ता: सुमारे १०,९००
- विमा (वर्षाचे ३६,००० धरून): ३,०००
- टॅक्स, पासिंग, पीयूसी: ५००
- ड्रायव्हरचा पगार: १६,०००
- पार्किंग: १,०००
- डाउन पेमेंटच्या पैशावर बुडालेलं व्याज: १,०००
- एकूण: ३२,४००

म्हणजे महिनाभर गाडी दारात उभी राहिली तरी ३२,४०० रुपये गेले!

आता चालता खर्च. भरलेली गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर किलोमीटरला ६ रुपये. टायर, ऑइल, दुरुस्ती यांचे २ रुपये. एकूण ८ रुपये. जाऊन-येऊन ४० किलोमीटरची फेरी असेल, तर एका फेरीला ३२० रुपये. हमाली आणि टोल दोन्हीकडे सारखेच लागतात, म्हणून बाजूला ठेवले.

तिसरी मोजणी: किती फेऱ्यांना गाडी परवडते?

तीच फेरी भाड्याच्या टेम्पोने १,५०० रुपयांना होते असं धरू. स्वतःच्या गाडीने ३२० लागतात. म्हणजे प्रत्येक फेरीमागे १,१८० रुपये वाचले. या बचतीतून ३२,४०० भरून निघायला हवेत.

३२,४०० भागिले १,१८०, उत्तर २७.४६. म्हणजे महिन्याला किमान २८ फेऱ्या. कामाचे दिवस २६ धरले तर रोज एकापेक्षा जास्त.

आता दोन माणसं बघा.

- महिन्याला १२ फेऱ्यावाला: भाड्याने खर्च १८,०००. स्वतःच्या गाडीने ३६,२४०. दर महिन्याला १८,२४० रुपये जादा गेले.
- महिन्याला ४० फेऱ्यावाला: भाड्याने खर्च ६०,०००. स्वतःच्या गाडीने ४५,२००. दर महिन्याला १४,८०० रुपये वाचले.

गाडी तीच आणि हप्ताही तोच. एकाला ती कमावून देते, दुसऱ्याला खाते. फरक फक्त फेऱ्यांचा.

इथे हुशार विद्यार्थी हात वर करतात. "सर, पाच वर्षांनी गाडी विकून पैसे येतील की!" बरोबर आहे. समजा अडीच लाख आले, तर महिन्याला साधारण ४,१७० रुपये परत मिळाल्यासारखे. मग २४ फेऱ्यांना जमतं. पण ते पैसे पाच वर्षांनी येणार, आणि हप्ता पाच तारखेला जाणार. घर चालतं ते पाच तारखेच्या हिशेबावर. म्हणून मी तरी २८ च धरायला सांगतो.

दुसरा हात वर होतो, "मी स्वतःच चालवीन, ड्रायव्हर नको." ठीक आहे. १६,००० काढले तर उभा खर्च १६,४०० आणि १४ फेऱ्यांना गणित बसतं. पण तुम्ही स्टिअरिंगवर असताना दुकानात कोण? नवीन ऑर्डर कोण आणणार, उधारी कोण वसूल करणार? एकटा माणूस आणि सुरुवातीचा धंदा असेल तर चालवा, जरूर चालवा. फक्त तुमचा वेळ फुकट आहे असं धरू नका.

मंद महिन्यावर निर्णय घ्या

फेऱ्या मोजायच्या त्या कोणत्या महिन्याच्या? दिवाळीच्या नव्हे. लग्नसराईच्या नव्हे. वर्षातल्या सगळ्यात मंद महिन्याच्या. मंद महिन्यातही गाडी २८ फेऱ्या करत असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त सणाच्या महिन्यात करत असेल, तर सणाला जादा भाडं द्या आणि निवांत झोपा. ते जादा भाडं वर्षभराच्या हप्त्यापेक्षा स्वस्तच पडतं.

परतीची फेरीही बघा. तुमची गाडी माल टाकून रिकामी येते का? येताना कच्चा माल आणता आला, तर एकाच फेरीत दोन कामं होतात. गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी परतीचा माल शोधावा.

इलेक्ट्रिक तीनचाकीचं काय?

हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये येतो. समजा मालवाहू ई-रिक्षा एका युनिट विजेत १० किलोमीटर चालते आणि युनिट १० रुपयांना पडतं. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरली, तरी किलोमीटरला सव्वा रुपया. वर डिझेलला ६ रुपये होते. फरक डोळ्यात भरणारा आहे.

पण इथेही हाच नियम लागतो. चालता खर्च कमी असलेल्या गाडीचा फायदा तेव्हाच, जेव्हा ती भरपूर चालते. दारात उभ्या इलेक्ट्रिक गाडीचा हप्ता काही विजेवर चालत नाही! दूध, पाव, पाण्याचे जार, भाजी, लाँड्री असे रोजचे ठरलेले आणि जवळचे मार्ग असतील, गाडी रात्री एकाच जागी येऊन चार्ज होत असेल, तर ती उत्तम. लांबचा, चढाचा, अनिश्चित मार्ग असेल तर दहादा विचार करा. कंपनीने सांगितलेली रेंज धरू नका. ट्रायलला आपला माल भरून, आपल्या रस्त्याने, परतीसह चालवून बघा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, हे लेखी घ्या.

कागदपत्रं, थोडक्यात पण नीट

- नंबर प्लेट: माल स्वतःचाच असला तरी मालवाहू गाडी ही व्यावसायिक गाडीच. पिवळी पाटी, काळी अक्षरं. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं.
- परमिट: भरलेलं एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. बॅटरीवरच्या गाड्यांनाही २०१८ पासून सूट आहे.
- लायसन्स: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालगाडी हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलं.
- पासिंग: नव्या गाडीला पहिली दोन वर्षं काळजी नाही. मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.
- विमा: गाडीच्या विम्यात आतला माल धरलेला नसतो. माल महाग असेल तर त्याचा वेगळा विमा घ्या.
- जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. नियमित नोंदणी असेल आणि तुमचा माल करपात्र असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. सीएला विचारून बिल दुकानाच्या नावावर घ्या.
- ई-वे बिल: परराज्यात ५०,००० रुपयांच्या वरचा माल, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा माल.

जुनी गाडी घेत असाल तर तीन गोष्टी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का, बाकी ई-चलन किती, आणि चॅसिस नंबर कागदाशी जुळतो का. बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच पूर्ण पैसे.

पायरी पायरीने चढा

पहिली पायरी, फेरीवर भाडं. महिन्याला दहा-बारा फेऱ्यांपर्यंत हेच योग्य. दुसरी पायरी, एका टेम्पोवाल्याशी महिन्याचा करार. त्याला खात्रीचं काम, तुम्हाला कमी दर. पंधरा-वीस फेऱ्यांना हे बसतं, आणि गणपती-दिवाळीत तोच माणूस आधी तुमच्याकडे येतो. तिसरी पायरी, स्वतःची गाडी. बरेच धंदे दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षं छान चालतात. त्यात कमीपणा काही नाही. दारात गाडी उभी असली की पाहुणे विचारतात, हे खरं. पण पाहुणे हप्ता भरायला येत नाहीत.

गृहपाठ

आजपासून ९० दिवस एक वही ठेवा. रोज पाच रकाने भरा: तारीख, कुठे गेलो, किती किलोमीटर, किती किलो किंवा किती बॉक्स, भाडं किती दिलं. ९० दिवसांनी तिन्ही महिन्यांची बेरीज करा आणि सगळ्यात कमी फेऱ्यांच्या महिन्याला गोल करा. शोरूमवाल्याकडून, विमा एजंटकडून आणि तुमच्या ड्रायव्हरकडून खरे आकडे घेऊन वरचा भागाकार करा.

उत्तर तुमच्या मंद महिन्याच्या फेऱ्यांपेक्षा कमी आलं तर गाडी घ्या, पेढे आम्हालाही पाठवा. जास्त आलं तर वही चालू ठेवा आणि फेऱ्या वाढवायच्या मागे लागा. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन हिशेब आपण फळ्यावर सोडवू, नाव न घेता.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर मोजत राहा!